स्पीकर, बूस्टर आणि गाण्याच्या बाई

तुमच्या बाबांनी तुम्हाला जो फोटो दाखवला, त्यात आजोबांच्या हातात मेटल डिटेक्टर आहे आणि त्यांच्या शेजारी डोक्याला हेडफोन लावून एक बाई उभ्या आहेत. धाकटीनं व्हिडिओ कॉलवर मला विचारलं, "आजी, त्यात तू का नाहीस?" मी म्हटलं, फोटो मी काढला म्हणून. ते खरं होतं, पण उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं इथं लिहिते. सावकाश वाचा. एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा, पण मजकूर त्यांना सगळा दाखवलाच पाहिजे असं नाही.

ते यंत्र तुमचंच. दोन वर्षांपूर्वी आलात तेव्हा समुद्रावर खेळायला म्हणून तुम्ही ते बरोबर आणलं होतं. नाशिकला समुद्र नाही हे तुमच्या बाबांना इथं पोचल्यावर आठवलं. जाताना सामान जास्त झालं म्हणून ते पलंगाखाली राहिलं. आजोबांनी ते उन्हाळ्यात बाहेर काढलं, पुसलं आणि सोसायटीच्या बागेत फिरवायला लागले.

आजोबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. मखमलाबाद, गंगापूर, म्हसरूळ या बाजूचे फुलांचे आणि भाजीचे मळेवाले त्यांना अजून 'कालव्याचे साहेब' म्हणतात. अशाच एका मळ्यात झेंडू तोडताना कोणाचं तरी कानातलं पडलं. आजोबा यंत्र घेऊन गेले आणि तासाभरात ते सापडलं. तेव्हापासून फोन सुरू झाले. कोणाची अंगठी, कोणाची कुडी, कोणाच्या ट्रॅक्टरची किल्ली. त्यांनी पहिल्याच दिवशी एक नियम केला: हरवलेली वस्तू ज्याची असेल त्यानं बोलावलं तरच जायचं. जुन्या नाण्यांच्या, गुप्तधनाच्या गोष्टी करणाऱ्यांना ते दारातूनच परत पाठवत. जमिनीत काही पुरातन निघालं तर ते सरकारचं, असं ते सांगत, आणि पुढं चहाही विचारत नसत.

पण यंत्राची एक अडचण होती, आणि ती यंत्रात नव्हती, आजोबांच्या कानात होती. त्यांना वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत. कुकरची शिट्टी येते, दारावरची बारीक घंटा येत नाही. माझा आवाज येतो, तुमचा येत नाही. म्हणून कॉलवर ते नुसते हसतात. त्या यंत्रात लोखंडाला जाड, घोगरा आवाज येतो आणि चांदी-तांब्याला बारीक, उंच. सोनं या दोहोंच्या मधे कुठंतरी, तेही दागिना लहान असला तर अगदी क्षीण. त्यामुळे पहिलं कानातलं नशिबानं सापडल्यावर पुढचे दोन महिने आजोबांनी फक्त खिळे शोधले. बाल्कनीत खिळ्यांचा एक डबा भरला. हेडफोन लावावा तर कानातलं श्रवणयंत्र शीळ घालतं, आणि ते काढून ठेवावं तर काहीच ऐकू येत नाही.

आता गाण्याच्या बाई. त्या आमच्या खाली पहिल्या मजल्यावर राहतात. एका शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्या. माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्यांचे यजमान जाऊन सात-आठ वर्षं झाली. त्या कधी मोठ्यानं बोलत नाहीत. साडी नीट, केस नीट, आणि कुणी विचारलं नाही तरी त्यांना दुसऱ्याच्या गाण्यातली चूक दिसते. एकदा संध्याकाळी आजोबा बागेत यंत्र फिरवत होते. बाई खिडकीतून म्हणाल्या, "साहेब, तो जाड आवाज सोडा. त्याच्या आधी डावीकडे एक बारीक वरचा सा लागला होता, तो तुम्ही ओलांडलात."

आजोबांना ते ऐकूच गेलं नाही. मी बाकावर बसले होते. मला गेलं. पण मी सांगितलं नाही.

बाई खाली आल्या. चपलेच्या टोकानं जागा दाखवली. आजोबांनी उकरलं, तर चांदीचं पैंजणाचं घुंगरू निघालं. सोसायटीतल्या कुठल्या तरी मुलीचं असणार. आजोबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मला त्या घुंगराचाच राग आला.

त्यानंतर रीतच पडली. मळ्यातून फोन आला की आजोबा खाली हाक मारत. मळ्यातल्या वाऱ्यात यंत्राचा स्वतःचा आवाज पुरत नसे, म्हणून यंत्र त्यांच्या हातात आणि हेडफोन बाईंच्या डोक्यावर. मधे वायर. ती वायर जेमतेम चार फुटांची. तेवढ्या अंतरात दोघांनी पावलाला पाऊल लावून चालायचं. बाई हात वर करत, आजोबा थांबत. बाई मान हलवत, आजोबा पुढं जात. एक अक्षर न बोलता दोघं अख्खा वाफा पार करत. मी बांधावर थर्मास घेऊन बसे. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाल्यावर आपल्या नवऱ्याला दुसऱ्या बाईच्या मानेच्या इशाऱ्यावर चालताना बघणं कसं असतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. तुम्ही ज्याला जेलस म्हणता तेच ते. मराठीत मत्सर म्हणतात, पण आमच्या आईचा शब्द वेगळा होता. ती म्हणायची, पोटात दुखतं.

पोटात दुखायला कारणं बारीकसारीकच होती. गणपतीपर्यंत बाई त्यांना 'साहेब' म्हणत, नवरात्रात 'भाऊजी' म्हणायला लागल्या. आजोबा घरी आल्यावर जेवताना सांगत, बाईंना नुसत्या आवाजावरून दाराची कडी आणि बांगडी ओळखता येते. मी म्हणे, "मला नुसत्या वासावरून आमटी लागलेली ओळखता येते." ते म्हणत, "हो ना," आणि पुन्हा बाईंवर येत.

इतकी वर्षं त्यांचे कान मी होते. डॉक्टरांकडे, बँकेत, लग्नकार्यात मी मधे बसून समोरच्याचं बोलणं त्यांना पुन्हा सांगत असे. ते माझं काम होतं आणि मला ते कधी जड वाटलं नव्हतं. ते काम असं हातातून जाईल असं वाटलं नव्हतं, म्हणून जड वाटलं नव्हतं.

मी विमा कार्यालयात तीस वर्षं फाइलींच्या विभागात होते. एखादी गोष्ट चुकीच्या जागी असेल तर ओरडून उपयोग नसतो, तिची योग्य जागा तयार करावी लागते. मी यंत्राची सूचनापुस्तिका काढली. इंग्रजीत आहे, अठ्ठेचाळीस पानं, बारीक अक्षर. आपल्या घरात सूचनापुस्तिका वाचणारी मी एकटी. दोन दुपारी बसून पेन्सिलीनं खुणा केल्या आणि ठरवलं की या यंत्राला बाहेरून स्पीकर लावायचा. आवाज हेडफोनमधून काढून मोकळ्या हवेत आणायचा, एवढा मोठा करायचा की आजोबांना तो स्वतः ऐकू येईल. मग कोणी बरोबर यायची गरज उरणार नाही.

हा माझा उद्देश होता. आजोबांना मी सांगितलं की हेडफोननं बाईंच्या कानांना त्रास होत असेल.

माझा पहिला प्रयत्न फसला. तुमच्या आत्यानं वाढदिवसाला दिलेला वायरीशिवायचा स्पीकर घरात होता, त्यासाठी यंत्राला लावायची एक छोटी डबी मागवली. जोडणी झाली, आवाज खणखणीत आला. बागेत मी मातीत एक नाणं पुरलं आणि आजोबांना म्हटलं, शोधा. आवाज आला, त्यांनी खुरप्यानं उकरलं, नाणं नाही. पुन्हा फिरवलं, पुन्हा आवाज, पुन्हा उकरलं. चार खड्डे झाले. नाणं मी पुरलं होतं तिथंच होतं, प्रत्येक खड्ड्यापासून वीतभर अलीकडे.

बाई खिडकीत होत्याच. शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमचा स्पीकर विलंबित लयीत आहे. यंत्र पुढं निघून गेल्यावर मागून बोलतोय."

आजोबा हसले. बाईंचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं, हे त्या हसण्यात मला आणखी लागलं.

पण बाईंचं खरं होतं. बिनवायरीचा आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो. गाणं ऐकताना तो कळत नाही. यंत्राची तबकडी मात्र जमिनीवरून सारखी डावी-उजवी फिरत असते, आणि त्या क्षणात ती वीतभर पुढं गेलेली असते. मी वहीत लिहिलं: वायर हवीच.

मग मी मेन रोडच्या मागच्या गल्लीत गेले. तिथं एक गृहस्थ रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. मी पिशवीतून यंत्राचा वरचा भाग, स्पीकर आणि घरून नेलेली वायर काढून काउंटरवर ओळीनं मांडली.

त्यांनी चष्मा वर केला. "मॅडम, हे काय शोधायचंय?"

"दागिने."

"तुमचे?"

"लोकांचे."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मी सगळं समजावल्यावर त्यांनी वायर हातात घेतली आणि घोळ दाखवला. यंत्राचं भोक जाड पिनेचं, स्पीकरचं बारीक. ते जुळवायला मी मधे जोड आणला होता, तरी आवाज निम्माच येत होता. "यंत्रातून आवाज एकाच वाटेनं येतो," ते म्हणाले. "तुमची पिन दोन वाटांची. एक वाट रिकामीच जातेय." त्यांनी सहा फुटांची नवी वायर कापली आणि दोन्ही टोकांना योग्य पिना डाग देऊन बसवल्या. मग काडेपेटीएवढी एक डबी दिली. तो बूस्टर. यंत्र आणि स्पीकर यांच्या मधे लावला की क्षीण आवाज मोठा करतो.

"पण एक आहे," ते म्हणाले. "हा चांगला आवाज आणि खरखर, दोन्ही मोठं करणार. त्याला चांगलं-वाईट कळत नाही."

घरी गच्चीवर लाकडी स्टुलावर यंत्र आडवं ठेवलं आणि एकेक वस्तू तबकडीवरून वीतभर उंचीनं फिरवून पाहिली. नाणं, चमचा, माझी अंगठी. बूस्टर पूर्ण चढवला तेव्हा स्पीकरमधून कढईत फोडणी पडावी तसा नुसता चर्र आवाज. मग क्रम लावला: आधी यंत्राचा आवाज मध्यावर, बूस्टर अगदी खाली, मग बूस्टर हळूहळू वर, जिथं मागची गुणगुण जेमतेम ऐकू येते तिथं थांबायचं. त्या गुणगुणीच्या वर जे उठेल ते कामाचं. आणखी एक गोष्ट कळली. स्पीकरच्या आत लोहचुंबक असतं. तो तबकडीजवळ नेला की यंत्र बोंबलतं. म्हणजे स्पीकर यंत्राच्या दांड्यावर बांधता येणार नाही, कोणीतरी खांद्यावर घेतला पाहिजे. आजोबांचा खांदा आखडलेला, डॉक्टरांनी वजन बंद केलेलं. म्हणजे तो मीच घेणार. ही अडचण सापडल्यावर मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन शिरा केला.

एवढं करूनही आजोबांना अंगठी ऐकू येत होती, चांदीचा चमचा येत नव्हता. बूस्टर वाढवून काही होईना. मी जिन्याच्या पायरीवर बसून विचार केला. त्यांच्याशी बोलताना मी कधी आवाज चढवत नाही, उतरवते. चढवला तर तो बारीक होतो आणि निसटतो. ही गोष्ट मला बत्तीस-तेहतीस वर्षांपासून ठाऊक आहे आणि यंत्राच्या बाबतीत मात्र मी ती विसरले होते. पुस्तिकेत शोधलं. चौतिसाव्या पानावर मिळालं: प्रत्येक धातूचा स्वर आपल्याला हवा तेवढा खाली आणता येतो. बटणं दाबून मी सगळे स्वर उतरवले. चमचा फिरवला. आजोबा म्हणाले, "हा कसला? नवीन आहे."

"चांदी," मी म्हटलं.

"असा असतो होय चांदीचा आवाज."

बाईंना मी यातलं काही कळू दिलं नाही.

आठवड्यानं मखमलाबादच्या बाजूच्या एका गुलाबाच्या मळ्यातून फोन आला. मळेवालीचं मंगळसूत्र फुलं तोडताना काट्याला अडकून तुटलं होतं. मणी सापडले, एक वाटी सापडली, दुसरी नाही. तुम्हाला माहीत नसेल, मंगळसूत्रात सोन्याच्या दोन छोट्या वाट्या असतात, एक माहेरची आणि एक सासरची. हरवली होती ती माहेरची. दोन दिवसांनी त्यांच्याकडे मुलाची हळद होती आणि तिला वाटीशिवाय मांडवात उभं राहायचं नव्हतं. याच मळ्यात दोन महिन्यांपूर्वी बाईंनी हेडफोन लावून तिच्या सासूची कुडी शोधून दिली होती. म्हणजे लोक बाईंना ओळखत होते. मला बांधावरची म्हणून ओळखत होते.

आजोबा चपला घालताना म्हणाले, "बाईंना हाक मारतो."

मी म्हटलं, "त्यांचं डोकं दुखतंय. सकाळीच म्हणाल्या."

हे खोटं होतं. मी त्या दिवशी बाईंना पाहिलंही नव्हतं. तुम्हाला मी कधी खोटं बोलू नका असं सांगितलं असेल तर ते बरोबरच आहे, पण ते मी कोणत्या तोंडानं सांगितलं ते तुम्हाला माहीत असावं. आजोबा क्षणभर थांबले आणि "बरं" म्हणाले. जिना उतरताना मी बाईंच्या दाराकडे बघितलं नाही.

मळ्यात पहाटेच पाणी सोडलेलं होतं. चिखलात चपला रुतायला लागल्या, तेव्हा मी त्या काढून बांधावर ठेवल्या. स्पीकर खांद्याला लावला, बूस्टर पदराखाली खोचला, वायर यंत्रात घातली. सहा फुटांपलीकडे आजोबा. आम्ही दोघं ओळीत शिरलो. मळेवाली, तिची सासू, जाऊ आणि दोन तोडणीवाल्या बाया मागून येत होत्या. आवाज आता सगळ्यांना ऐकू येत होता, त्यामुळे सल्लेही सगळ्यांचे येत होते.

"वाजलं, साहेब."

"तिथं नाय, अल्याड."

"अगं गप, त्येंना ऐकू दे."

स्पीकर लगेच बोलायला लागला. स्वच्छ, भरीव, उतरवलेला चांदीचा आवाज. आजोबांनी ऐकला, स्वतःच्या कानांनी. माझ्याकडे बघून मान हलवली. ती मान माझ्यासाठी होती आणि मला एवढंच हवं होतं. त्यांनी उकरलं. काही नाही. चार पावलं पुढं पुन्हा तोच आवाज. उकरलं, काही नाही. "चांदी वाजतेय, सोनं नव्हे," आजोबा म्हणाले, "पण वाटीबरोबर काही पडलं असेल." मी स्पीकर त्यांना नीट ऐकू यावा म्हणून आणखी जवळ गेले. आता आवाज थांबेचना. सहा खड्डे झाले. एका गुलाबाचं मूळ उघडं पडलं आणि मळेवालीनं ते गुपचूप मातीनं झाकलं.

मी बूस्टरची डबी तपासली, वायर तपासली. पुस्तिकेची पानं डोळ्यांसमोर आणली. कुठं चुकलं ते मला कळेना.

मळेवालीच्या सासूबाई ओळीच्या टोकाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजी, एक बोलू का? तुमची जोडवी वाजत्यात."

सगळ्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. दोन्ही पायांत चिखल, आणि चिखलातून दिसणारी चांदीची जोडवी, लग्नातली. आजोबांनी तबकडी माझ्या पायाजवळ आणली. स्पीकर माझ्याच खांद्यावरून मोठ्यानं बोलला. तोडणीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. जाऊ म्हणाली, "साहेब, बायको सापडली बघा. घेऊन जा घरी."

आजोबाही हसले. मीही हसले असते.

पण जाऊ पुढं बोलली, "त्या गाण्याच्या बाई होत्या तवा नाय वाजलं कधी. त्येंच्या पायात नसत्यात ना."

त्या का नसतात ते तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. मळेवालीनं तात्पुरतं गळ्यात बांधलेलं हळकुंड हातानं चाचपलं.

मी चिखलात उभी होते. वायरीच्या त्या टोकाची जागा बाईंनी माझ्याकडून घेतली असं मी चार महिने मानत होते. यंत्राजवळ उभं राहता येण्यासाठी त्यांच्या पायांतून काय गेलं होतं, ते मी त्या चार महिन्यांत एकदाही बघितलं नव्हतं. हे लिहायला सोपं वाटतंय. तेव्हा इतकं नीट कळलं नव्हतं. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की इथून हलायचं नाही.

मी वाकले आणि जोडवी काढायला लागले.

"नका काढू, आजी," मळेवाली म्हणाली. तिनं माझा हात धरला. "माझ्या मळ्यात नका. माझंच हे असं तुटलेलं असताना."

तिनं अडवलं नसतं तरी ती निघाली नसती. बोटं जाड झालीत. मी ओढून बघितलं आणि ती तसूभर हलली नाहीत. आजोबा बघत होते. मी सरळ झाले, स्पीकर खांद्यावरून काढला, वायर सोडवली आणि बांधावर गेले. पाय पुसले. फोन काढला.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही मखमलाबादला येऊ शकाल का?"

त्या म्हणाल्या, "पत्ता माहीत आहे. रिक्षा करते."

अर्ध्या तासात आल्या. मळेवाली सामोरी गेली आणि आपुलकीनं म्हणाली, "डोकं उतरलं का, बाई? साहेब म्हणत व्हते दुखतंय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी थर्मासचं झाकण लावत होते. "उतरलं," त्या म्हणाल्या. "ताईंचा फोन आला आणि उतरलं."

मी त्यांच्या खांद्याला स्पीकर लावून दिला. पट्टा लांब होता, तो कमी करून दिला. बूस्टर कुठं ठेवायचा ते सांगितलं. हे सगळं मी व्यवस्थित केलं; काम नीट करणं मला रागात जास्तच जमतं. दोघं पुन्हा ओळीत शिरले, मी बांधावरून बघायला लागले. पहिला आवाज आला तेव्हा बाईंनी सवयीनं हात वर केला, मग खाली घेतला. दुसरा आला तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"ताई," त्या बांधाकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सगळे स्वर उतरवलेत. मला यातलं काहीच ओळखू येत नाही. कडी कुठली आणि सोनं कुठलं?"

"त्यांना येतं," मी म्हटलं.

आणि येत होतं. आजोबा बाईंकडे बघतच नव्हते. मान खाली, तबकडी संथ. तिसऱ्या ओळीत, एका झुडपाच्या बुंध्याशी स्पीकर अगदी हलका, अर्धवट बोलला. मला बांधावरून तो गुणगुणीचाच भाग वाटला. बाई एक पाऊल पुढं गेल्या होत्या. आजोबा म्हणाले, "थांबा." तबकडी मागं आणली, पुन्हा तोच आवाज. गुडघ्यावर बसले आणि खुरप्यानं चिखलाचा गोळा काढून मळेवालीच्या हातावर ठेवला. तिनं तो पाटाच्या पाण्यात धरला. माती गेली आणि वाटी राहिली. ती रडली नाही. सासूला दाखवली, पदराच्या टोकात गाठ मारून बांधली आणि आत चहा ठेवायला गेली.

चहा येईपर्यंत बाई माझ्याशेजारी बांधावर बसल्या. मी माफी मागायची म्हणून शब्द जुळवत होते. मला इंग्रजीत ते लगेच सुचतात, मराठीत वेळ लागतो.

"डोक्याचं मी सांगितलं," मी म्हटलं. "खोटं होतं."

"ते कळलं, ताई."

"राग आला असेल."

त्यांनी चपलेचा चिखल काडीनं काढला. "आला. रिक्षात आला होता. मग वाटलं, कोणीतरी खोटं बोलून आपल्याला वगळावं इतकं महत्त्व आपल्याला किती वर्षांत मिळालं नव्हतं." त्या हसल्या नाहीत. मग हसल्या. "पण स्पीकरचं काम चोख केलंत हो. मला बेकार केलंत."

परतताना बाई रिक्षाच्या पलीकडच्या कडेला बसल्या होत्या आणि वाऱ्यामुळं त्यांना आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी आजोबांच्या कानाशी, आवाज उतरवून, सांगून टाकलं. बाईंचं डोकं दुखत नव्हतं, मी बनवून सांगितलं.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कसं?"

"निघताना त्यांची पेटी ऐकू येत होती. खालच्या सप्तकातली मला येते ऐकू. डोकं दुखणारी बाई पेटी कशाला वाजवेल?"

"मग बोलला का नाहीत?"

आजोबांनी यंत्र दोन्ही गुडघ्यांमधे नीट धरलं. "तू पंधरा दिवस त्या स्पीकरमागं होतीस. म्हटलं, एकदा तुझ्याबरोबर जाऊन बघू."

ते माझ्याबरोबर आले होते, बाईंची पेटी ऐकू येत असताना आले होते. हे मला पंधरा दिवसांपूर्वी कळलं असतं तर मी बूस्टर आणला नसता, आणि मग त्यांना चांदीचा आवाज कसा असतो ते कळलं नसतं.

त्या रविवारी म्हसरूळहून फोन आला, शेवंतीच्या मळ्यात अंगठी पडली म्हणून. आजोबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. कोणाला बरोबर घ्यायचं ते विचारलं नाही. त्यांना आता कोणाच्या कानांची गरज नाही, फक्त एका खांद्याची आहे, आणि तो खांदा माझा असू शकत नाही.

मी खाली गेले. दार उघडंच होतं, बाई पेटी पुसत होत्या.

"म्हसरूळ," मी म्हटलं. "आठ वाजता निघतोय. स्पीकर मी चार्ज केलाय."

"तुम्ही येताय ना, ताई?"

"येतेय. बांधावर."

"मग ते स्वर मला एकदा शिकवा," त्या म्हणाल्या. "चांदी कुठला, सोनं कुठला. नुसतं हमालासारखं उभं राहायला मला आवडत नाही."

मी गच्चीवर स्टूल लावलं, चमचा आणि अंगठी काढली आणि त्यांना एकेक स्वर ऐकवला. त्यांनी दोनदा ऐकून पाठ केले, मला पाठ व्हायला तीन दिवस लागले होते. ते बघूनही माझ्या पोटात दुखलं. अजूनही दुखतं, त्या 'भाऊजी' म्हणतात तेव्हा तर नक्कीच. पण धाकटे, पुढचा फोटो त्या काढणार आहेत, असं त्यांनी आपणहून सांगितलंय. मी आजोबांच्या शेजारी उभी राहणार आहे. यंत्र तेव्हा बंद ठेवायचं, एवढं मी आजोबांना बजावलंय.